मडमेपुढची बातचीत

अक्का माहेरी परत आली त्या वर्षाचं मला सगळ्यात आधी काय आठवत असेल, तर तिची चाल. ती बसतच नव्हती. नांदेडला आमचं भाड्याचं घर नदीच्या अंगाला होतं. पुढं ओसरी, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्यामागं चार हातांचं अंगण. या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्का दिवसभर येरझाऱ्या घालायची. हातात कधी सूप असायचं, कधी पिळलेलं लुगडं, कधी काहीच नसायचं. पहाटे जात्यावर बसली तरी चार मुठी वैरल्या की उठायची, दाराशी जाऊन यायची आणि मग पुन्हा खुंटा धरायची. आई कातावून म्हणायची, "वच्छे, बस की गं एका जागी. तू फिरून राहिलीस अन् माझं डोकं गरगरून राहिलंय." अक्का बसायची. आईची पाठ वळली की पुन्हा सुरू.

तिला रेणापूरला दिली होती. चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून सासरच्यांनी दुसरी सून आणली आणि "थोडे दिवस माहेरी राहून ये" असं म्हणून हिला बैलांच्या दमणीत बसवून दिलं. ते थोडे दिवस काही संपेनात. तिला टाकलंय, हे वाक्य आमच्या घरात कुणी म्हणजे कुणी उच्चारलं नाही. शेजारणींनी विचारलं तर आई सांगे, "विसाव्याला आलीय." दर शुक्रवारी आई तिला न्हाऊ घाली, कपाळभर कुंकू लावी आणि दारावरून टपालवाला गेला की उगीचच पदर सावरून उभी राही. जावई बोलावतील, आज नाही तर उद्या, असा तिचा ठाम हिशेब होता. आज मी स्वतः त्या वेळच्या आईपेक्षा दुपटीनं म्हातारी आहे, आणि अजूनही मला कळत नाही की ती आशा तिला खरोखरच होती, की आमच्यासाठी ती तसं दाखवायची.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होते. निजामाचं राज्य, त्यामुळे शिकवणं सगळं उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दोन्हींची खिचडी, यात आम्हाला काही विशेष वाटायचं नाही. मी मुलींच्या शाळेत सहावीत होते आणि इंग्रजी शिकवायला आम्हाला हैदराबादच्या एक उस्तानीबाई होत्या. जाडजूड, पानानं ओठ लाल झालेल्या आणि भारी रागीट. त्यांना माझं कौतुक होतं, कारण मी घोकंपट्टीत पक्की होते. अक्काची हकीगत त्यांना माझ्याच तोंडून कळली. मी बडबडी होते आणि घरातलं बाहेर बोलू नये ही अक्कल मला फार उशिरा आली. पण त्या बडबडीचा मला आजतागायत पस्तावा झालेला नाही.

एका रविवारी उस्तानीबाईंचा पडद्याचा टांगा आमच्या दाराशी उभा राहिला. त्या माजघरात बसल्या, दादा ओसरीवर, मधे बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली. चहा झाला आणि त्यांनी चिकेतूनच तोफ डागली, "मास्टरसाब, बच्ची को घर में बिठा के क्या अचार डालते आप?" मग त्यांनी सांगितलं की लातूरला एका विलायती डॉक्टरीणबाईंनी बायकांचा दवाखाना काढलाय, तिथं मुलींना नर्सचं काम शिकवणार आहेत. राहणं, जेवण तिथंच. फक्त एक अट होती. मडमेला आपल्याकडची भाषा येत नव्हती, शिकवणं इंग्रजीतच, तेव्हा साधी बातचीत कळणारी मुलगी हवी आणि तिची परीक्षा मडम स्वतः समोर बसवून घेणार. तीन महिन्यांनी. दादांनी विचार करतो म्हणावं अशी आम्हा सगळ्यांची अपेक्षा होती. ते चिकेकडे न बघता म्हणाले, "जाएगी." एवढंच.

आईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. नर्स म्हणजे परक्या माणसांची अंगं धुणार, कुणाकुणाचं काय काय उचलणार, तिला ते ऐकवेना. शेवटी तीही कबूल झाली, पण तिनं अक्काकडून देवापुढं वचन घेतलं: जावयांचं बोलावणं आलं तर असेल तिथून त्याच पावली निघायचं. अक्कानं देवापुढं हात जोडले आणि मान हलवली. मी शेजारी उभी होते. तिनं मान हलवली होती, तोंडातून शब्द काढला नव्हता, हे तेव्हा मला जाणवलं नाही.

आणि मग मी, बारा वर्षांची, माझ्या वीस वर्षांच्या बहिणीची मास्तरीण झाले. उस्तानीबाईंनी बोलचालीची एक जुनी पुस्तिका दिली होती. एका बाजूला इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला त्याचं उर्दू. मी ते उर्दू वाचून अक्काला मराठीत सांगायची. ती पुस्तिका कुणा साहेबासाठी लिहिली असावी, कारण तिच्यात घोड्याला खरारा करा, डाक बंगला किती दूर आहे आणि हे मटण नीट शिजलेलं नाही, असलीच वाक्यं जास्त होती. अक्का अंबाडीची भाजी निवडता निवडता गंभीरपणे म्हणायची, "धिस मटन इज नॉट वेल कुक्ड," आणि मी हसून लोळायची. आईला अर्थ कळला असता तर तिनं ती पुस्तिका चुलीत घातली असती. तशीही तिनं एक मनाई घातलेलीच होती: सोवळ्यात इंग्रजी नको. स्वयंपाक चालू असताना ती भाषा चुलीपाशी ऐकू आली की म्हणायची, "वरणाला विटाळ होतोय. अंगणात जा अन् काय ते भुंका." मग आम्ही अंगणात.

उस्तानीबाईंनी मडम काय काय विचारील याची एक यादी करून दिली होती. चाळीस प्रश्न. तुझं नाव काय, कुठं राहतेस, वय किती, घरात कोण कोण, लग्न झालंय का, रक्त बघून भोवळ येते का, पहाटे उठतेस का. मी मडम व्हायची. दादांची छत्री काखेत धरायची, नाकातून बोलायची आणि ओट्यावर चढून विचारायची, "व्हॉट इज युवर नेम?" अक्का धुणं वाळत घालता घालता उत्तर द्यायची, "माय नेम इज वत्सला, मॅडम." तिला बसून काही पाठ व्हायचं नाही. चालता चालता मात्र एकदा ऐकलेलं पक्कं बसायचं. त्यामुळे आमची सगळी शाळा पायांवर चालली. विहिरीवर जाताना पहिले दहा, घागरी घेऊन येताना पुढचे दहा, नदीवर धुणं न्यायचं असेल त्या दिवशी चाळीसच्या चाळीस. घाटावरच्या बायका आमच्याकडे बघत राहायच्या. एकीनं तर विचारलं, "पोरीला काही बाहेरचं लागलंय का वो?" अक्का पहिल्यांदा खळखळून हसली ती त्या दिवशी.

मी फार कडक होते. उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अक्कानं एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "सुमे, जरा दमानं घे की. मला काही बॅरिस्टर व्हायचं न्हाई." पण दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याच्या घरघरीतून तीच मला हाका मारत होती, "उठ, मॅडम, उठ." पुढं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शेकड्यांनी मुलं पास केली. अक्काइतकी हट्टी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही. महिन्याभरात तिला क्रमानं सगळं येऊ लागलं, इतकं की माझा प्रश्न अर्ध्यात असतानाच तिचं उत्तर तयार असे. हे काही भाषा येणं नव्हे, पण हे समजायला मी तेव्हा खूप लहान होते. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

निघायचा दिवस आला तेव्हा दादांना रजा मिळाली नाही. दिवसही असे होते की जो तो जिथं होता तिथंच थांबलेला बरा. निजामाचं राज्य टिकणार की जाणार याची शहरात रोज नवी आवई उठायची, काही घरांनी बायकामुलं सोलापूरकडे पाठवली होती आणि स्टेशनावर दर गाडीला माणसांपेक्षा ट्रंकाच जास्त दिसत. आई, अक्का आणि मी अशा तिघीच निघालो. परळीला गाडी बदलली, लातूर रोडला उतरलो, तिथं मामा घ्यायला आले होते. पुढं मोटारीनं लातूर. रस्ताभर आईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ठेवला होता. रेणापूर तिथून काही कोसांवर, त्यामुळे अक्काच्या सासरचं कुणी बघितलं तर काय सांगायचं याची तिला धास्ती. अक्का खिडकीशी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी बोटांवर मोजत होते. ती एकोणिसाव्या प्रश्नावर होती.

मामांकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. मामीनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, अक्कानं ताटली तशीच सरकवून ठेवली. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन लांब खोल्या, पुढं पडवी. फिनेलचा वास मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं घेतला. आईला पडवीतल्या बाकावर बसायला सांगितलं. मी लहान म्हणून, आणि खरं म्हणजे अक्कानं माझं मनगट सोडलंच नाही म्हणून, मला आत जाऊ दिलं. दाराला नुसता पडदा होता. त्याच्याखालून आईची पावलं आणि जोडवी मला दिसत होती.

मडम टेबलामागं बसल्या होत्या. माझ्या कल्पनेतल्या मडमेपेक्षा बऱ्याच बुटक्या, केस पांढरे, उन्हानं नाक सोललेलं. त्यांच्यामागं मार्थाबाई नावाची आपल्याच मुलखातली एक प्रौढ परिचारिका कापसाचे बोळे करीत उभी होती. मडमेनं अक्काकडे बघून पहिलंच वाक्य टाकलं, "प्लीज सिट डाऊन." यादीत हे नव्हतं. अक्का उभीच. कळलं तिला, पण वडीलधाऱ्या बाईसमोर खुर्चीवर बसायचं कसं? मी तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग नाव झालं, गाव झालं, वय झालं. मडमेनं क्रम मोडून मधेच रक्ताचं विचारलं, तरी अक्कानं बरोबर सांगितलं, "नो, मॅडम, आय ॲम नॉट अफ्रेड." मडम किंचित हसल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो. "आर यू मॅरिड?" त्यांनी विचारलं. "येस, मॅडम, आय ॲम मॅरिड," अक्का म्हणाली, अगदी ठसक्यात.

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

चाळीस प्रश्नांत हा नव्हता. उस्तानीबाईंनी तो घातला नव्हता, मला सुचला नव्हता, दादांनी यादी दोनदा वाचूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. येणार तरी कसं? आमच्याकडे बाईला हे कुणी विचारतच नाही. पाटील असो, तलाठी असो, सरकारी कारकून असो, तो आजूबाजूला बघतो, आणि शेजारी जे कुणी पोर किंवा बाप्या उभा असेल तो तिच्या नवऱ्याचं नाव सांगतो. बाई खाली बघते. इतकं हे सवयीचं होतं की ही काही रीत आहे, असंही आम्हाला कधी वाटलं नव्हतं. म्हणून मी रीतीप्रमाणे पुढं सरले आणि सांगितलं, "अंबादासराव, मॅडम."

मडमेनं हात वर करून मला थांबवलं. "नॉट यू. आय ॲम आस्किंग हर." आणि पुन्हा सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा त्या अक्काशी बोलल्या. अक्काची मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मडमेनं तिसऱ्यांदा विचारलं. मग त्या मार्थाबाईकडे वळून जे म्हणाल्या, त्याचा अर्थ मला कळला आणि कळला नसता तर बरं झालं असतं: हिनं नुसतं पाठ केलंय, हिला समजत काही नाही. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि वही मिटायला घेतली.

मला ओरडून सांगायचं होतं की तिला सगळं समजतंय, ती बोलू शकत नाही. पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? माझ्याकडे घोड्याच्या खराऱ्याची वाक्यं होती, डाक बंगल्याची होती. हे सांगायला एकही नव्हतं. तीन महिने मिरवलेली मास्तरीण तिथं मुकी उभी राहिली.

अक्कानं मान वर केली. पडद्याखालच्या जोडव्यांकडे एकदा बघितलं. मग मडमेकडे सरळ बघून ती म्हणाली, "मॅडम, आय हॅव नो हजबंड."

वही उघडीच राहिली. मडमेनं विचारलं, "इज ही डेड?"

"येस, मॅडम," अक्का म्हणाली.

मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर अक्काचा राग आला. रेणापुरात तो माणूस त्या घटकेला कदाचित न्याहारी करीत बसला असेल. असं अभद्र तोंडातून कसं काढवलं हिला? मराठीत तिनं ते जन्मात म्हटलं नसतं. पण या भाषेत तिला कुणी ओळखत नव्हतं, वचनं घेणारं कुणी नव्हतं आणि शब्दांना आईचा आवाज नव्हता. हे मला आज समजतं. त्या वेळी मी मार्थाबाईकडे बघत होते. कारण मार्थाबाईचे हात थांबले होते आणि ती अक्काच्या कपाळावरच्या कुंकवाकडे आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बघत होती. मडमेला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. मार्थाबाईला होता. तिनं एक शब्द काढला असता तर अक्का तिथल्या तिथं खोटारडी ठरली असती आणि मामांच्या घरी नव्हे, थेट नांदेडच्या त्या अंगणात जाऊन पडली असती, कायमची.

मार्थाबाई टेबलाला वळसा घालून आली, अक्काच्या खांद्यावरचा पदर तिनं ओढून गळ्याभोवती नीट घेतला आणि म्हणाली, "बाई, इथं काम करायचं तर पदर आवरून घ्यावा लागतोय." बस्स. मग परत जाऊन बोळे करायला लागली. मडमेनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान न उचलता सांगितलं की पुढच्या सोमवारपासून ये.

बाहेर आलो. "काय झालं गं?" आईनं विचारलं. "घेतलं मला," अक्का म्हणाली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "काय काय विचारलं?" यावर अक्का चपला शोधू लागली आणि मी, जन्माची बडबडी, पडवीतले खांब मोजू लागले. मामांनी पेढे आणले. आईनं हट्टानं सगळ्यांना सिद्धेश्वराला नेलं आणि तिथं अक्काला डोकं टेकवायला लावून मोठ्यानं म्हणाली, "देवा, माझ्या जावयाला औक्ष दे." अक्का पायरीवर बराच वेळ वाकून राहिली. मला वाटलं ती रडतेय. उठली तेव्हा डोळे कोरडे होते.

दुपारच्या मोटारीनं आम्ही परत निघालो. सामान आणायला नांदेडला जायचं होतं. आई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना, समोर बाजाराहून परतणाऱ्या दोन बायका. मोटार गावाबाहेर पडली आणि रेणापूरकडच्या दिशेला आईनं हात जोडले. माझ्यानं राहवेना. सकाळपासून ते माझ्या छातीत कोंडलं होतं, आणि आईदेखत बोलायचं तर भाषा एकच होती.

"अक्का," मी म्हटलं, "ही इज नॉट डेड."

अक्का बाहेरच बघत होती. मला वाटलं ऐकलं नाही. मग ती म्हणाली, थांबत थांबत, एकेक शब्द हुडकून, "येस. ही लिव्ह देअर. नाऊ आय ऑल्सो लिव्ह."

हे वाक्य कुठल्याच यादीत नव्हतं. ते मी तिला शिकवलेलं नव्हतं. त्यात चूक होती आणि मला ती सुधारावीशी वाटली नाही. तोवर मी इंग्रजीत नुसती पोपटपंची करीत होते. त्या भाषेत कुणीतरी मला खरंखुरं काही सांगितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

समोरच्या बायका टकामका बघत होत्या. आईचा ऊर भरून आला. "माझ्याच लेकी हायेत," ती त्यांना म्हणाली. "बघा की, कशा फडाफडा इंग्रजी बोलून राहिल्यात." मग तिनं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "काय म्हणली गं वच्छी?"

"तिला बरं वाटतंय म्हणाली," मी सांगितलं.

आईनं अक्काच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि म्हणाली, "घामानं सगळं पुसून गेलंय बघ. ये इकडं." मोटार हिंदकळत होती, त्यामुळे आईला नीट लावता येईना. अक्कानं तिचा हात मनगटाशी धरून स्थिर केला, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.